जुन्या सात सीटरचं इंजिन गेलं: कंपनीचं नवं, मार्केटचं वापरलेलं, की आहे तेच बांधून घ्यायचं? (सोलापूर)

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहितीवर सल्ला मागण्यात अर्थ नाही.

गाडी सात सीटर डिझेल एसयूव्ही, २.२ लिटर, २०१५ चं मॉडेल, रनिंग १ लाख ३८ हजार. पुण्यातल्या पहिल्या मालकाकडून घेतलेली. कंपनीचं आणि गॅरेजचं नाव मुद्दाम टाकत नाही. मला कुणावर खापर फोडायचं नाही, निर्णय घ्यायचा आहे.

गेल्या आठवड्यात पुण्याहून येत होतो. टेंभुर्णी सोडल्यावर एसीची हवा गरम यायला लागली. टेंपरेचरचा काटा मध्यावरच होता, म्हणून एसीचा गॅस गेला असेल असं वाटलं. मोहोळच्या अलीकडे पिकअप पडला, बॉनेटमधून वाफ आली. लगेच गाडी बाजूला घेऊन बंद केली. थंड झाल्यावर सेल्फ मारला तर इंजिन जेमतेम हललं आणि अडकलं. पुढे टो करून आणली. डिपस्टिक काढून बघितली तर ऑइल दुधाच्या चहासारखं.

तीन ठिकाणांहून आकडे आलेत. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नवा लाँग ब्लॉक (हेडसकट नवं इंजिन, टर्बो-इंजेक्टर सोडून) सव्वातीन लाखांच्या आसपास, मजुरी वेगळी. हैदराबादहून वापरलेलं इंजिन ९५ हजार, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेत. आणि इथल्या मिस्त्रींचं म्हणणं, आहे तेच इंजिन पूर्ण बांधून देतो, १ लाख ४० धरून चाला.

घरात सहा माणसं. अण्णांच्या गुडघ्यांमुळे त्यांना खाली वाकून बसायची गाडी चालत नाही. मंगळवेढ्याला शेत आहे, ज्वारी काढायच्या दिवसांत सारखी ये-जा असते. थोडं कर्जही बाकी आहे. गाडी चालू असती तर साडेपाच लाखांना गेली असती. काय करावं?

मोहोळकर

विकून टाका. आहे त्या अवस्थेत दीड-पावणेदोन लाख देणारे व्यापारी मिळतात. अकरा वर्षं जुन्या गाडीत दोन-तीन लाख घालून तिची किंमत तेवढ्याने वाढत नाही. त्या पैशात दुसऱ्या गाडीचं डाऊन पेमेंट होतं.

मशीनशॉप

दादा, विकायची की ठेवायची हे नंतर. आधी सेल्फ मारणं पूर्ण बंद करा, बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवा.

इंजिन अडकलं म्हणजे सीज झालंच असं नाही. हेडमधून (इंजिनाचा वरचा भाग) कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, सिलिंडरमध्ये उतरलं असेल तरी असंच अडकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना पाण्यावर थांबतो. अशा वेळी सेल्फ मारत राहिलात तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग जे हेडवर भागलं असतं ते क्रँकपर्यंत (खालचा फिरणारा मुख्य दांडा) जातं. मिस्त्रींना सांगा, ग्लो प्लग काढा, जमलं तर इंजेक्टरही काढा, मग क्रँक पुलीला पाना लावून हाताने फिरवा. भोकातून पाणी उडालं आणि इंजिन मोकळं फिरलं तर खालचा भाग वाचलेला असू शकतो. तरीही अडत असेल तर बेअरिंग किंवा पिस्टन पकडलंय.

दुसरी गोष्ट, काटा मध्यावर का राहिला. टेंपरेचरचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो तोवर खरं सांगतो. कूलंट वाहून गेलं की तो वाफेत आणि हवेत उघडा पडतो आणि कमी तापमान दाखवतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की मधल्या मोठ्या पट्ट्यात तो हलतच नाही. तुमच्या गाडीने इशारा दिला होता तो एसीतून. इंजिन तापलं की बऱ्याच गाड्यांचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) एसीचा कॉम्प्रेसर स्वतःहून तोडतो. हायवेला एसी अचानक गरम झाला की गॅसचा संशय नंतर, कूलंट आधी. हे इथे वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं म्हणून मोकळेपणाने लिहितोय.

आता मुद्द्याचं. कुठलंही इंजिन ठरवायच्या आधी हे इंजिन का गेलं ते मिस्त्रींकडून कागदावर लिहून घ्या. "ओव्हरहीट झालं" हे कारण नव्हे, तो परिणाम. कूलंट कुठून गेलं? रेडिएटर, वॉटर पंपाचं सील, मागचा हीटरचा पाइप, ईजीआर कूलर (इंजिनात परत येणारा धूर थंड करणारा), की हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) आधीच उडालेलं? फॅन दोन्ही स्पीडला फिरतो का? थर्मोस्टॅट उघडतो का? माझं आयुष्य अक्कलकोट रोड एमआयडीसीत बोअरिंग मशीनवर गेलं. आमच्याकडे गाडी येत नाही, ब्लॉक आणि हेड येतात. एकाच गाडीचं हेड वर्षाच्या आत परत आलं की समजायचं, इंजिनाचं काम झालं पण कारण गाडीतच राहिलं.

जुळेसोलापूरकर

काका, टर्मिनल काढलं. उद्या मिस्त्रींकडे जाऊन समोर उभा राहून ग्लो प्लग काढायला लावतो. मोहोळकर, तुमचं गणित पटतं, पण दुसरी सात सीटर घ्यायची तर पुन्हा सात-आठ लाखांची जुनीच गाडी येणार, तिचं इंजिन कसं आहे ते मला कुठे माहीत असणार?

हैदराबादरोड

मालक, आमच्या चार गाड्या उमरगा लाइनला चालतात. दोन गाड्यांना वापरलेली इंजिनं बसवली, दोन्ही व्यवस्थित पळायलेत. अ‍ॅक्सिडेंटमध्ये मागून ठोकलेल्या गाडीचं इंजिन मिळालं तर त्याला तोड नाही. कंपनीत बांधलेलं असतंय, एकदाही न उघडलेलं. मिस्त्रीने रस्त्याकडेच्या गॅरेजात बांधलेल्या इंजिनाला ती सर येत नाही हे माझं स्पष्ट मत.

पण व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोवर ॲडव्हान्स टाकू नका. फोटो एका इंजिनाचा आणि ट्रान्सपोर्टने येणारं दुसरंच, असं आमच्या ओळखीत झालंय. स्वतः जा, मिस्त्रीला सोबत न्या. ९५ हजारात काय काय येतंय ते विचारा. टर्बो, इंजेक्टर, अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसरसकट कंप्लीट असेंब्ली की नुसतं इंजिन? नुसतं असेल तर जुन्याचे सुटे भाग चढवताना खर्च वाढतच जातो. ऑइल फिलरची कॅप काढून आतला रंग बघा, काळा गाळ साचला असेल तर ते इंजिन ऑइल न बदलता पळवलंय. शक्य असेल तर जिथे इंजिन अजून गाडीतच आहे तिथून घ्या, म्हणजे चालू करून बघता येतंय. आणि "पंधरा दिवसांची गॅरंटी" म्हणजे इंजिन बदलून देणार की पैसे परत, उतरवण्या-चढवण्याची मजुरी कोण देणार, हे बिलावर लिहून घ्या. तोंडी गॅरंटी दुकानाच्या दारापर्यंत.

सर्व्हेअर_१३

दोन गोष्टी, एक विम्याची, एक आरटीओची.

विम्याकडून आशा ठेवू नका. पॅकेज पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज धरत नाहीत. इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर साधारणपणे पाणी इंजिनात शिरणं किंवा खालून दगड लागून ऑइल गळणं अशा प्रसंगांसाठी असतं. कूलंट जाऊन इंजिन तापलं तर क्लेम नाकारलेलेच जास्त दिसतील. तरीही तुमच्या पॉलिसीची अटींची पानं एकदा वाचा, शब्दरचना कंपनीगणिक वेगळी असते.

आता आरटीओ. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो आणि आरसीवर तोच असतो. ब्लॉक बदलला की नंबर बदलला. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे बदल केल्यापासून १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. गाडीवर कर्ज आहे, म्हणजे फायनान्स कंपनीची लेखी संमतीही लागेल. वापरलेलं इंजिन घेताना ज्या गाडीतून ते काढलं तिच्या आरसीची प्रत, विक्रीचं पक्कं बिल, आणि ती गाडी टोटल लॉस किंवा स्क्रॅप झाल्याचा कागद, एवढं हातात असल्याशिवाय पैसे देऊ नका. कागद नसलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर ते तुमच्या बॉनेटखाली सापडणार आहे.

काही जण सुचवतील की नव्या ब्लॉकवरचा नंबर घासून जुना नंबर ठोकून घ्या. अजिबात ऐकू नका. तो गुन्हा आहे. पुढे गाडी विकताना किंवा अपघाताच्या क्लेममध्ये नंबरचा ठसा घेतला की लगेच उघडं पडतं. घासलेल्या जागेवरचे आकडे आमच्या नजरेला पहिल्या मिनिटात कळतात.

उलट तुमचाच ब्लॉक बोअर करून वापरला तर नंबर तोच राहतो आणि हा सगळा व्यापच उरत नाही. हा फायदा कोटेशनमध्ये दिसत नाही, पण खरा आहे.

वृषाली_चाकण

माहेर रेल्वे लाइन्समधलं, काम चाकणला इंजिन टेस्टिंगमध्ये. वापरलेल्या इंजिनाबद्दल एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

२०१५ च्या गाडीला "सेम इंजिन" शोधताना बीएस-३ की बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी नियम) ते तपासा. बीएस-४ देशभर लागू झालं १ एप्रिल २०१७ ला. पण काही मोठ्या शहरांत ते २०१० पासूनच होतं, आणि त्या यादीत मुंबई-पुण्यासोबत आपलं सोलापूरही होतं. म्हणजे त्या काळात एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्या, एक सोलापुरात विकलेली आणि एक शेजारच्या जिल्ह्यात विकलेली, वेगवेगळ्या नॉर्मच्या असू शकतात. ब्लॉक बाहेरून सारखाच दिसतो. फरक इंजेक्टर, ईजीआर, सेन्सर आणि ईसीयूच्या मॅपिंगमध्ये असतो. तुमची गाडी पुण्याची, म्हणजे बीएस-४ असणार. आरसीवर एकदा बघून घ्या आणि ज्या गाडीचं इंजिन घेणार तिच्या आरसीवरही बघा.

ईसीयू आणि वायरिंग तुमच्याच गाडीचं ठेवा. किल्लीतला इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) त्या ईसीयूशी जोडलेला असतो. इंजेक्टर बदलले तर प्रत्येकावर एक कोड असतो, तो स्कॅनरने ईसीयूमध्ये भरावा लागतो. न भरता गाडी चालू होते, पण थडथडते, धूर मारते, आणि मग सगळे इंजिनालाच नावं ठेवतात.

बांधून घ्यायचं ठरलं तर हेडकडे जास्त लक्ष द्या. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम जास्त पसरतं, बोल्टने जखडलेलं असतं, म्हणून ते वाकतं. शिवाय खूप तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा कडकपणा कमी होतो. असं हेड फेसिंग करून (घासून सपाट करून) सरळ दिसतं, पण बोल्टचा ताण धरत नाही आणि गॅस्केट पुन्हा उडतं. म्हणून फेसिंगच्या आधी प्रेशर टेस्ट आणि हार्डनेस टेस्ट दोन्ही करा.

कडकभाकरी

माझा अनुभव वेगळा म्हणून सांगते. आमच्या गाडीला आम्ही कंपनीचा लाँग ब्लॉक बसवला. महाग पडला, यात वाद नाही. पण बिल, कंपनीचं पत्र आणि वॉरंटी सगळं एका ठिकाणी मिळालं. आरटीओत नंबर बदलायला त्या पत्रामुळे त्रास झाला नाही. ह्यांची नोकरी फिरतीची, घरी गॅरेजवर उभं राहायला कुणी नाही, त्यामुळे आम्हाला तेच सोयीचं होतं.

एक मात्र समजून घ्या. लाँग ब्लॉकमध्ये ब्लॉक, क्रँक, पिस्टन, हेड, कॅम एवढं येतं. टर्बो, इंजेक्टर, वॉटर पंप, रेडिएटर हे तुमचे जुनेच चढतात किंवा वेगळे घ्यावे लागतात. शॉर्ट ब्लॉक म्हणाले तर त्यात हेडही नसतं. आम्हाला पहिला आकडा सांगितला तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं.

मशीनशॉप

हैदराबादरोड यांच्या एका वाक्याशी असहमत. बांधलेल्या इंजिनाला कंपनीची सर येत नाही, हे बांधणाऱ्यावर आहे. न मोजता बांधलं तर येत नाहीच. मोजून बांधलं तर येते.

मोजणं म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे दादांना गॅरेजवर विचारता येईल. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी आणि आडवा-उभा असा दोन दिशांनी बोअर डायल गेजने मोजायचा. सिलिंडर गोल राहत नाही, तो पिस्टनच्या रेट्याच्या दिशेने अंडाकार झिजतो आणि वरच्या बाजूला जास्त झिजतो. चार सिलिंडरचे चोवीस आकडे कागदावर यायला हवेत. मग ठरतं, नुसत्या रिंगा बदलून चालेल, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालायचे की स्लीव्ह (आतून नवी नळी) मारायची. क्रँकचे सगळे जर्नल (बेअरिंगवर फिरणारे गोल भाग) मायक्रोमीटरने मोजायचे. ओरखडे असतील तर ०.२५ मिमी अंडरसाइज घासून त्या मापाचे बेअरिंग घालायचे. आणि पिस्टन आधी विकत घ्यायचे, मग हातातला पिस्टन मोजून बोअर करायचा. उलटं करणारे भरपूर आहेत.

हेड बसवताना हेड गॅस्केटची जाडी बघा. बऱ्याच डिझेल इंजिनांना ती दोन-तीन मापांत येते, कडेला भोकं किंवा खाचा असतात त्यावरून ओळखतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायलने मोजून त्याप्रमाणे गॅस्केट निवडायचं. हेडचे बोल्ट आजच्या बहुतेक इंजिनांत एकदाच वापरायचे असतात, ते ताणले जातात. नवे घ्या. टॉर्क पान्याने आणि अंशाच्या मापाने आवळायचे, "हाताला कळतं" असं म्हणणाऱ्याकडे हेड देऊ नका.

सोलापुरात हे होत नाही असं कुणी म्हणू नये. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आपल्याच एमआयडीसीतली, तिच्या कॅमशाफ्ट परदेशातल्या गाड्यांत बसतात. मायक्रॉनमध्ये मोजणारी माणसं या गावात आहेत, काम करून घेणाऱ्याने कागद मागितला पाहिजे एवढंच.

हैदराबादरोड

काका, मान्य. पण किती गॅरेजवाले चोवीस आकडे लिहून देतेत? मी बघितलेले तरी नाहीत. वापरलेलं इंजिन घेताना निदान कॉम्प्रेशन तपासून घेता येतंय.

मशीनशॉप

गॅरेजवाला नाही देणार, मशीनशॉप देईल. ब्लॉक तिथेच तर जातो. बिल गॅरेजचं असलं तरी मोजमापाचा कागद मशीनशॉपकडून मागा. आणि कॉम्प्रेशनचं तुमचं बरोबर आहे. चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ हवेत, एकच खाली पडलेला असेल तर ते इंजिन सोडून द्या.

जुळेसोलापूरकर

अपडेट. ग्लो प्लग काढून हाताने फिरवलं. तिसऱ्या सिलिंडरच्या भोकातून कूलंट उडालं आणि इंजिन मोकळं झालं. काकांनी लिहिलं होतं तसंच. रॉड तपासले, वाकलेले नाहीत.

कारणही सापडलं. इंजिनाच्या मागे फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) बाजूला हीटरला जाणारा प्लास्टिकचा जोड तडकला होता. वरून दिसत नाही, हातही नीट पोचत नाही. मोबाइलचा कॅमेरा खाली धरून फोटो काढला तेव्हा पांढरट वाळलेला ओघळ स्पष्ट दिसला, म्हणजे गळती हळूहळू बरेच दिवस चालू असणार. वर आणखी एक, रेडिएटरचा फॅन पहिल्या स्पीडला फिरतो, दुसऱ्या स्पीडला फिरतच नाही. रिले जळलेली. मिस्त्रींनी दोन्ही कागदावर लिहून दिलं.

हेड मशीनशॉपला गेलं. प्रेशर टेस्टमध्ये तिसऱ्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्ह सीटच्या मध्ये चीर निघाली. वाकही होता. ब्लॉकला चीर नाही. तिसऱ्या सिलिंडरला उभे ओरखडे, बाकीचे तीन झिजेच्या मर्यादेत. मेन बेअरिंगवर रेषा पडल्यात, दुधाळ ऑइलमुळे असं म्हणाले.

ब्लॉक चांगला असल्यामुळे माझा कल आता आहे तेच बांधून घेण्याकडे आहे. हेड वेल्डिंग करून देतो असं एक जण म्हणतो, १२ हजारात. नवं हेड ४८ हजार.

वृषाली_चाकण

नवं हेड घ्या. व्हॉल्व्ह सीटच्या मधली जागा हेडमधली सर्वात तापणारी. तिथे वेल्डिंग टिकवायचं तर हेड आधी तापवून, नंतर हळूहळू थंड करून, सीट नव्याने बसवून काम करावं लागतं. ते नीट करणारे आहेत, पण १२ हजारात नव्हे.

मोहोळकर

म्हणजे १ लाख ४० चे आता दोनच्या वर जाणार. मी अजूनही विका म्हणेन, पण ब्लॉक वाचलाय आणि कारण सापडलंय म्हटल्यावर माझा आग्रह थोडा सैल झाला. गाडी निदान पाच वर्षं ठेवणार असाल तरच करा. आरसी २०३० पर्यंत आहे, पुढे फिटनेस करून पुन्हा नोंदणी. वर्ष-दोन वर्षांत विकायची असेल तर हा खर्च वसूल होत नाही.

जुळेसोलापूरकर

ठेवणार आहे. अण्णांना या सीटची सवय झालीय, आणि गाडीची बॉडी, सस्पेन्शन, गिअरबॉक्स सगळं चांगलं आहे. नवं हेड सांगितलं. तिसऱ्यासाठी चारही सिलिंडर एकाच मापाला बोअर करणार आहेत, ०.५० मिमी ओव्हरसाइजचे पिस्टन मिळाले. क्रँक ०.२५ घासणार. मोजमापाचा कागद मागितल्यावर मशीनशॉपवाल्यांनी जराही खळखळ न करता दिला, चोवीस आकडे आहेत.

मशीनशॉप

उत्तम. आता बाकीच्या ज्या वस्तूंकडे दुर्लक्ष होतं त्या सांगतो.

ऑइल कूलर नवा घाला. त्याच्या आत बारीक नळ्या आणि जाळी असते. बेअरिंगचा किस आणि दुधाळ गाळ त्यात अडकतो, कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही आणि नंतर सुटून नव्या बेअरिंगमध्ये जातो. ऑइल पंप तपासा, बदलला तर उत्तमच. टर्बोला ऑइल देणारा बारीक पाइप नवा. इंटरकूलर उतरवून आतलं ऑइल काढून धुवा. वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे होज, रेडिएटरची प्रेशर कॅप. तडकलेला जोड एकटा बदलू नका, त्याच वयाचे बाकीचे प्लास्टिकचे जोडही बदला. गिअरबॉक्स उतरलेलाच आहे तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग बघून घ्या, पुन्हा तेवढ्यासाठी उतरवण्याची मजुरी वाचेल.

कूलंटमध्ये बोअरवेलचं पाणी एक थेंबही नको. आपल्याकडचं पाणी जड, रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडच्या वाटांत क्षार धरतं. तयार मिसळलेलं कूलंट घ्या, नाहीतर कॉन्सन्ट्रेट आणि डिमिनरलाइज्ड पाणी. भरल्यावर हवा काढणं महत्त्वाचं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, इंजिन तापून फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत बॉनेटजवळच थांबा आणि टाकीतली पातळी बघत राहा. हवेचा बुडबुडा हेडमध्ये अडकला तर नव्या हेडचीही तीच गत.

पहिल्यांदा चालू करताना थेट चालू करू नका. ऑइल फिल्टर ऑइलने भरून बसवा, इंधन बंद ठेवून सेल्फवर फिरवा, ऑइलचा दिवा विझला की मग चालू करा.

जुळेसोलापूरकर

गाडी घरी आली. तुमच्या यादीतलं सगळं करून घेतलं. हवा काढताना मी स्वतः बॉनेटजवळ उभा होतो, फॅन दुसऱ्या स्पीडला जोरात सुटला तेव्हा जिवात जीव आला. स्कॅनर लावून कूलंटचं खरं तापमान अंशांत बघितलं. आता एक छोटा ओबीडी रीडर (ईसीयूमधले आकडे दाखवणारं यंत्र) कायमचा लावलाय, काट्यावर विसंबत नाही.

अक्कलकोटला जाऊन आलो, अण्णा-आईंना घेऊन. दुपारी, एसी चालू ठेवून. तापमान जराही वर गेलं नाही. परत आल्यावर रात्रभर थांबून सकाळी कूलंटची पातळी बघितली, होती तिथेच. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. एकट्याने निर्णय घ्यायचा असता तर बहुतेक हैदराबादला ॲडव्हान्स पाठवून मोकळा झालो असतो.

कडकभाकरी

अभिनंदन! एकूण खर्च किती आला तेही लिहा ना, पुढे शोधत येणाऱ्यांना उपयोग होईल. आणि पहिले हजार किलोमीटर कशी चालवायला सांगितलीय?

जुळेसोलापूरकर

मशीनिंग २४ हजार. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट सेट, हेड बोल्ट, ऑइल पंप मिळून ६२. हेड ४८. ऑइल कूलर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होज, फॅन रिले वगैरे २६. इंजेक्टर आणि टर्बो तपासणी ९. क्लच १७. मजुरी ३२. ऑइल आणि कूलंट ९. सगळे मिळून २ लाख २७ हजार. सगळ्याचं पक्कं बिल घेतलं, मोजमापाचा कागद आणि कारण लिहिलेला कागद त्याच फाइलला लावला.

चालवायचं म्हणाल तर तासन्‌तास एकाच वेगाने पळवायची नाही, आरपीएम कमी-जास्त होऊ द्यायचा. उभी करून चालू ठेवायची नाही. वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने ओढायची नाही, ओझं कमी ठेवायचं. तुळजापूरचा घाट हजारानंतर.

मशीनशॉप

हजाराला ऑइल काढाल तेव्हा फिल्टर फेकू नका. कापून त्याची घडी उलगडा आणि पांढऱ्या कागदावर पसरून उन्हात बघा. बारीक करडी भुकटी दिसली तर चालेल, पिस्टनच्या रिंगा बसताना ती येतेच. चमकणारे तुकडे किंवा तांबूस पत्री दिसली तर गाडी तिथेच थांबवून मला इथे सांगा.

जुळेसोलापूरकर

नक्की काका. फिल्टर कापल्यावर फोटो याच धाग्यावर टाकतो.